गाळलेलं मांजर

या, असे पुढे सरका. भिंतीला टेकून बसणाऱ्यापर्यंत गोष्ट अर्धीच पोचते, आणि उरलेली अर्धी तो घरी जाऊन स्वतःच्या पदरची घालतो. मला कीर्तनाचा जन्मभराचा नाद आहे, म्हणून हे अनुभवाने सांगतो. आज तुम्हांला एका पेटीची, एका मांजराची आणि माझ्या थोरल्या बहिणीची गोष्ट सांगायची आहे. ओघाओघात ‘स्टार्टअपवाल्यांच्या मेळाव्यांना जावं की न जावं’ या प्रश्नाचाही निकाल लावून टाकू. हल्ली हा प्रश्न बऱ्याच घरांत पडतो आणि त्यावर तज्ज्ञांचं मत मिळत नाही. (तज्ज्ञ मेळाव्याला गेलेले असतात.)

आधी सिद्धान्त. कोणतीही वस्तू पूर्ण होण्यापूर्वीच लोकांना दाखवली पाहिजे. पूर्ण झालेली वस्तू लोक वापरायला लागतात, आणि वापरणाऱ्या माणसाला टाळ्या वाजवता येत नाहीत, कारण त्याचे हात गुंतलेले असतात. म्हणून ज्याला टाळ्या हव्या असतील त्याने वस्तू अपुरी ठेवावी आणि मेळाव्याला जावं. हे तत्त्व एकदा मनाशी पक्कं झालं की पुढचं सगळं आपोआप सुचत जातं.

मेळावा म्हणजे काय, हे न पाहिलेल्यांसाठी थोडक्यात सांगतो. एक मोठी खोली असते. तिची एक भिंत काचेची असते, म्हणजे आत येऊ न शकलेल्यांना आपण काय गमावतो आहोत ते दिसावं. दाराशी प्रत्येकाच्या गळ्यात नावाचा पट्टा घालतात. हा पट्टा पहिल्या क्षणी उलटा होतो आणि शेवटपर्यंत उलटाच राहतो. त्यामुळे माणसं एकमेकांच्या छातीकडे बघत, मान वाकडी करून बोलतात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, सगळे नम्र झाले आहेत. कोपऱ्यात कॉफीचं यंत्र असतं. त्याच्यापुढच्या रांगेला ‘नेटवर्किंग’ म्हणतात.

मी बारकाईने निरीक्षण करून काढलेले आकडे असे : जमलेल्या शंभरांपैकी ऐंशी जण काहीतरी दाखवायला आलेले असतात. एकोणीस जण दाखवणाऱ्यांना कसं दाखवावं हे शिकवायला आलेले असतात. उरतो एक. आम्ही गेलो होतो त्या दिवशी तो एक शेजारच्या सभागृहातलं लग्न शोधत चुकून आत आला होता. त्याने आमची पेटी पाहिली आणि साधेपणाने विचारलं, “छान आहे, कुठे मिळते?” आजूबाजूचे सगळे एकमेकांकडे बघू लागले. असा प्रश्न तिथे पूर्वी कुणी विचारलेला नव्हता. शेवटी एका अनुभवी गृहस्थांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवून त्याला लग्नाच्या दालनाकडे नेऊन सोडलं.

आता पेटी. माझी ताई ऐकायला कमी येणाऱ्यांपैकी आहे. कमी म्हणजे बऱ्यापैकी नाहीच. तिच्या मुलाने, म्हणजे माझ्या भाच्याने, तिच्यासाठी डब्याएवढी एक पेटी बनवली. समोरचा बोलला की त्याचं बोलणं पेटीच्या पाटीवर मोठ्या अक्षरांत उमटायचं. सुरुवातीला ती चुकायची. मी ‘पंखा बंद कर’ म्हटलं तर ‘पंख बांधून ठेव’ असं काहीतरी लिहायची. पण ताईला त्यातून मतलब कळायचा, आणि नाही कळला तर ती पोट धरून हसायची. घरात खूप दिवसांनी हसणं सुरू झालं होतं. पोराने आणखी थोडे दिवस घरात बसून काम केलं असतं तर पेटी पूर्ण झाली असती. तेवढ्यात ईश्वरकृपेने तो एका मेळाव्याला गेला आणि हा अनर्थ टळला.

तिथे त्याला एक मार्गदर्शक भेटले. त्यांना सगळे ‘मेंटॉर’ म्हणतात. ते पूर्वी काय करत होते हे कुणाला ठाऊक नाही, पण ते सोडून ते मार्गदर्शनाकडे वळले, यावर सगळ्यांचं एकमत आहे. मी त्यांची भाषणं ऐकली आहेत. खरं सांगतो, माणसाला गळा आहे. आवाज कुठे खाली आणायचा, कुठे थांबायचं, श्रोत्याच्या डोळ्यांत पाणी कधी आणायचं, सगळं जाणतात. वेळीच अभंग पाठ केले असते तर मोठे बुवा झाले असते. त्यांनी भाच्याला सांगितलं, “खरं चालणारं यंत्र मंचावर कधी नेऊ नकोस. चालणारी वस्तू कधीही बंद पडू शकते.”

हा मुद्दा बिनतोड होता. मग भाच्याने पेटीत एक खास सोय केली. तिचं नाव ‘तालीम’. तालीम सुरू केली की पेटी समोरच्याचं बोलणं ऐकण्याच्या भानगडीत पडत नाही. ताईचा सोडून कसलाही आवाज झाला की ठरलेल्या तीन वाक्यांपैकी पुढचं वाक्य लिहून दाखवते. वाक्यं मेंटॉरनीच निवडून दिली होती. पहिलं, ‘आई, जेवलीस का?’ दुसरं, ‘मी उद्या लवकर येतो, काळजी करू नकोस.’ तिसरं, ‘तुझ्यासारखी तूच.’ मंचावर भाचा हीच वाक्यं बोलणार, पेटी हीच लिहिणार, ताई वाचून उत्तर देणार आणि सभागृह रडणार. पहिल्याच मेळाव्यात ते रडलं. दुसऱ्यात जास्त रडलं. तेव्हापासून पेटी तालमीतून बाहेर आलीच नाही. रोज सराव असायचा, तर सारखी कळ कोण फिरवणार? ताईला मात्र हे सांगायचं राहून गेलं. (सांगायला पेटीच वापरावी लागली असती, हीही एक अडचण होतीच.)

या मेळाव्यांमध्ये मीही सहभागी होतो, हे नम्रपणे नमूद करतो. माझे केस पांढरे असल्यामुळे भाच्याने मला सल्लागार नेमलं होतं. माझ्या पट्ट्यावर तसं छापलेलं होतं, अर्थात उलट्या बाजूला.

तालमीचा पहिला प्रत्यय मला घरीच आला. मी ताईला म्हटलं, “मोरीचा नळ गळतोय, कुणाला तरी बोलाव.” पेटीवर उमटलं, ‘आई, जेवलीस का?’ ताईने वाचलं, चष्मा काढला, पुसला, पुन्हा वाचलं.

“एवढ्या वर्षांत कधी विचारलं नाहीस,” ती म्हणाली. “आणि आता विचारलंस तर आई म्हणून? बरं आहे ना तुला?”

तिचे डोळे भरून आले होते. अशा वेळी नळाचा विषय काढणं मला प्रशस्त वाटलं नाही. नळ अजून गळतो आहे.

आता गोष्टीत वरच्या मजल्यावरच्या बाई येतात. या ताईच्या मैत्रीण. दोघींचं वय एक, चष्म्याचा नंबर जवळपास एक आणि शेजारपाजारच्यांबद्दलची मतंही एकच. बाई एकट्या राहतात, एक करडं मांजर पाळतात. मोठ्या मेळाव्याच्या आदल्या दिवशी सकाळी त्या आमच्या दारात आल्या. खांद्याला प्रवासाची पिशवी होती. ताई टेबलाशी बसली होती, पुढे पेटी होती. भाचा आतल्या खोलीत कानांत फोनची बोंडुकं घालून भाषण पाठ करत होता, आणि मी सल्लागार असल्यामुळे त्याच्या समोर बसून मान डोलवत होतो. उघड्या दारातून मला एवढंच दिसलं की बाई भरभर बोलल्या. ताईने पेटीवर वाचलं आणि म्हणाली, “हो, जेवले.” बाई आणखी काही बोलल्या. ताई म्हणाली, “ये हो, लवकर ये.” बाईंनी टेबलावर काहीतरी ठेवलं, ताईच्या पाठीवर हात फिरवला आणि समाधानाने जिना उतरून गेल्या. थोड्या वेळाने भाच्याने येऊन टेबलावरच्या वायरी, पट्टे, खिळे, जे काही होतं ते हाताने लोटून बॅगेत भरलं.

ताईला मात्र चैन पडेना. ती आत आली.

“अरे, वरची काय म्हणत होती रे?”

भाच्याने एका कानातलं बोंडुक काढलं. “काय?”

“वरची. पेटीत आलं, आई जेवलीस का. मी तिची आई? माझ्याहून दोन महिन्यांनी मोठी आहे ती.”

“आई, नंतर,” भाचा म्हणाला आणि बोंडुक पुन्हा घातलं. पेटी बाहेरच्या टेबलावर होती. तिने बहुधा ‘तुझ्यासारखी तूच’ असं लिहिलं असेल. ते वाचायला तिथे कुणी नव्हतं.

संध्याकाळी घरात तालीम उभी राहिली. भाचा टेबलाशी उभा, ताई खुर्चीत, मी प्रेक्षक. भाच्याने तोंड उघडलं, आणि तेवढ्यात छतावरून, म्हणजे वरच्या घरातून, मांजर ओरडलं. भाच्याच्या आधीच पेटीने लिहिलं, ‘आई, जेवलीस का?’ ताई म्हणाली, “जेवले.” भाचा गडबडला. मांजर पुन्हा ओरडलं. ‘मी उद्या लवकर येतो, काळजी करू नकोस.’ ताई म्हणाली, “बरं.” मांजराने लांब सूर लावला. ‘तुझ्यासारखी तूच.’ ताई लाजली. आख्खा कार्यक्रम मांजराने एकट्याने पार पाडला आणि, सल्लागार म्हणून सांगतो, भाच्यापेक्षा त्याच्या आवाजात आर्जव जास्त होतं.

“आता काय करायचं, मामा?” भाचा डोकं धरून बसला. “उद्या हॉलमध्ये असा एखादा आवाज झाला तर वाट लागेल.”

मी दूरदृष्टीचा सल्ला दिला : “खिडकी लाव.”

पण भाचा हुशार. त्याने मांजराचा आवाज चांगला लांबलचक टिपून घेतला. वर मांजर ओरडत राहिलं आणि खाली तो सकाळपर्यंत काम करत राहिला. ते का ओरडतंय, हा प्रश्न आम्हां दोघांपैकी कुणालाच पडला नाही. कशासारखं ओरडतंय, हाच त्या वेळचा तातडीचा प्रश्न होता. सकाळी पेटीत नवी सोय तयार होती. नको असलेला आवाज आला की पेटी तो ओळखते, गाळून टाकते आणि खाली बारीक अक्षरांत काय गाळलं त्याची नोंद दाखवते. भाच्याने फोनवर मेंटॉरना सांगितलं. ते गहिवरून म्हणाले, “अरे, हेच तर तुझं खरं प्रॉडक्ट आहे.”

गाडीत बसताना ताईने पुन्हा विचारलं, “वरची काय म्हणत होती, कळलं का कुणाला?” भाचा फोनवर होता. मी खिडकीतून बाहेर बघत माझं वाक्य पाठ करत होतो. (मला मंचावर ‘मी या पेटीचा साक्षीदार आहे’ एवढंच म्हणायचं होतं, पण जबाबदारी ती जबाबदारी.)

मेळावा अभूतपूर्व होता. पहिल्या रांगेत इन्व्हेस्टर बसले होते. इन्व्हेस्टर ओळखण्याची खूण अशी की तो तुमचं बोलणं ऐकताना फोनकडे बघतो, आणि फोनवर बोलताना तुमच्याकडे. आमच्या आधी एका तरुणाने माणसाला पाणी प्यायची आठवण करून देणारा पेला दाखवला. दुसऱ्याने तो पेला कुठे ठेवला याची आठवण करून देणारं घड्याळ दाखवलं. दोघांनी जागच्या जागी भागीदारी जाहीर केली. मग आमचं नाव पुकारलं गेलं.

भाचा, ताई आणि मी मंचावर गेलो. पेटीवर जे उमटेल ते मागच्या प्रचंड पडद्यावर दिसणार होतं. भाच्याने आधी नव्या सोयीचं कौतुक केलं, मग पेटी सुरू केली आणि टिपलेला आवाज लावला. सभागृहभर मांजराचा आक्रोश घुमला. पाटी कोरी राहिली. खाली फक्त बारीक ओळ आली : ‘गाळलेला आवाज : मांजर.’ लोकांनी टाळ्या वाजवल्या. एक इन्व्हेस्टर तर फोन खाली ठेवून वाजवू लागला.

ताई पडद्याकडे बघत होती. ऐकू न येणारी माणसं सगळं वाचतात, बारीक अक्षरंसुद्धा. ‘मांजर’ हा शब्द तिने वाचला. तेवढ्यात भाच्याने बॅगेतून एक वायर ओढली, आणि वायरीत अडकून एक चावी बाहेर आली. चावीला हिरव्या लोकरीचा गोंडा होता. तो ताईनेच विणून वरच्या बाईंना दिला होता.

ताई उठून उभी राहिली. ऐकू न येणाऱ्यांचा आवाज मोठा असतो, माइकची गरज पडली नाही.

“ही वरचीची चावी तुझ्याकडे कशी?”

भाचा काहीतरी पुटपुटू लागला. पडद्यावर उमटलं, ‘आई, जेवलीस का?’

“जेवले मी. तिचं मांजर कालपासून कोंडलंय घरात. ते ओरडत होतं?”

‘मी उद्या लवकर येतो, काळजी करू नकोस.’

“उद्या नाही, आत्ता. आण ती चावी इकडे.”

‘तुझ्यासारखी तूच.’

सभागृह उभं राहिलं. पुढच्या रांगेतून हुंदके ऐकू आले. ताईने भाच्याच्या हातातून चावी हिसकावली, पदर खोचला आणि मंचाच्या पायऱ्या उतरून चालू लागली. लोकांनी दुतर्फा उभं राहून तिला वाट दिली आणि दारापर्यंत टाळ्यांचा कडकडाट केला. मेंटॉर डोळे पुसत माझ्या कानात म्हणाले, “शेवट कुणी लिहिला? अप्रतिम आहे.” त्या दिवशीचं ‘उत्कृष्ट वापर-अनुभव’ हे पारितोषिक आम्हांला मिळालं. ते घ्यायला वापरणारी बाई हजर नव्हती, हे परीक्षकांनी कौतुकाने नमूद केलं.

साक्षीदार या नात्याने मी ताईच्या मागे धावलो. टॅक्सीत मी सवयीने मांडीवर पेटी शोधू लागलो. ती मंचावरच राहिली होती.

“काय शोधतोस?” ताई म्हणाली. “इकडे बघ, माझ्याकडे. तोंड वर कर. आता सावकाश बोल.”

मी सावकाश म्हटलं, “मांजर जिवंत असेल ना?”

“देव करो नि असो,” ती म्हणाली. “बघ, कळलं की नाही मला? समोर बसून, तोंड दिसेल असं बोललात की मला पुष्कळ कळतं. पेटी आल्यापासून तुम्ही सगळे पेटीकडे बघून बोलायला लागलात. पूर्वी निदान ओरडायला तरी माझ्याकडे वळायचात.”

टॅक्सीवाल्याने आरशातून माझ्याकडे बघितलं. मी पट्टा काढून खिशात घातला.

मांजर जिवंत होतं. कपाटावर चढून बसलं होतं. पडदा फाडून झाला होता, उशी फोडून झाली होती, आणि त्याची पाण्याची वाटी कोरडी होती. त्याने आमच्याकडे थंडपणे बघितलं. तशी नजर मी पहिल्या रांगेत पाहिली होती. तिचा अर्थ ‘नंतर कळवतो’ असा होतो. ताईने वाटी भरली, दूध ठेवलं आणि जमिनीवर बसून त्याची माफी मागितली. मांजराने दूध पूर्ण संपवल्यावरच माफीचा विचार केला.

वरच्या बाई दोनच दिवसांत परतल्या. ताईने त्यांना समोर बसवलं आणि विचारलं, “त्या दिवशी तू म्हणत होतीस तरी काय?”

“काय म्हणणार? मुलीला बरं नाही, जाऊन येते, चावी ठेवतेय, मांजराला जेवायला घालशील ना? तू म्हणालीस, हो. काय ते ‘जेवले’ म्हणालीस, मला वाटलं, तुझं तू सांगतेस. मग मी म्हटलं, सात-आठ दिवस लागतील. तू म्हणालीस, लवकर ये. एवढ्या मायेने म्हणालीस, की मुलीला जरा उतार पडल्याबरोबर आले लवकर.”

दोघी इतक्या हसल्या की मांजर उठून दुसऱ्या खोलीत गेलं. हा संवाद कुठल्याही पडद्यावर उमटला नाही आणि त्याला पारितोषिकही नाही.

भाच्याचं पुढे चांगलं झालं, हे सांगायला आनंद वाटतो. सुरुवातीला त्याला वाईट वाटलं. दोन दिवस तो खरोखरच आईसमोर बसून बोलला. पण मेंटॉरनी त्याला सावरलं. लोकांना लिहिणारी पेटी नकोच आहे, असं त्यांच्या पाहणीत आढळलं. लोकांना गाळणारी हवी आहे. तेव्हा पेटीतून अक्षरं काढून टाकली. आता ती घरातले नको असलेले आवाज गाळते आणि माणसाला निवांतपणे आपल्या पडद्याकडे बघू देते. सुखवस्तू कुटुंबांतून फार मागणी आहे. जुनी पेटी ताईने मागून घेतली. ती चालू ठेवली की गरम राहते आणि मांजर तिच्यावर झोपतं. झोपेत ते घोरलं (ओरडणं गाळणाऱ्या पेटीला घोरणं ओळखता येत नाही) की पाटीवर फिरून फिरून येतं, ‘आई, जेवलीस का?’ ताई सांगते, “जेवले रे.” आता तिला सगळं ठाऊक आहे, तरी सांगते.

तर मूळ प्रश्न : मेळाव्यांना जावं का? अवश्य जावं. ज्ञान वाढतं, ओळखी वाढतात, कॉफी फुकट असते. फक्त निघण्यापूर्वी टेबलावर कुणाची चावी पडली आहे का, तेवढं बघावं.

आणि तुम्ही म्हणाल, आम्ही असल्या मेळाव्यांना जात नाही, ती गाळणारी पेटीही आम्ही घेतलेली नाही. तुम्हांला घ्यायची गरजच नाही. ही गोष्ट वाचायला बसलात तेव्हापासून घरातल्या कुणीतरी तुम्हांला दोनदा काहीतरी विचारलं. तुम्ही मान वर न करता दोन्ही वेळा ‘हं’ म्हणालात, आणि ते माणूस, तुम्ही होकार दिला असं समजून, निघून गेलं. आता हे बाजूला ठेवा. ते कोण होतं, तेवढं मात्र आठवा.